वस्तरा केस ओढतोय? धार लावायला देण्याआधी हे तपासा

"वस्तरा चालत नाही" या एका तक्रारीत पाच-सहा वेगळे बिघाड लपलेले असतात. म्हणून आपलं नक्की काय होतंय ते आधी ओळखा.

- पहिल्याच हाताला केस कापला न जाता उपटल्यासारखा ओढला जातो, डोळ्यांत पाणी येतं.
- पहिला गाल बरा होतो, पण हनुवटीपर्यंत येता येता वस्तरा अडखळायला लागतो.
- रक्त कुठेच दिसत नाही, पण तुरटी फिरवली की सगळी मान भाजल्यासारखी झोंबते.
- एकाच गालावर ओढतो. उजव्या हाताच्या माणसाला बहुधा डाव्या.
- चांगला चाललेला वस्तरा चामडी पट्ट्यावर फिरवला की दर वेळी आणखी बोथट होतो.
- दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मानेवर लाल पुटकुळ्या उठतात.
- पावसाळ्यात दोन आठवडे पडून राहिलेल्या पात्यावर धारेलगत काळे ठिपके दिसतात.

नवशिका यातलं काहीही झालं की एकच निदान करतो: धार गेली. मग वस्तरा कुणाकडे तरी धारेला जातो, किंवा धार लावायचा महागडा दगड घरी येतो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा फेसात, कोनात किंवा पट्ट्यावरच्या हातात असतो, आणि यातलं काहीच दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. खालचा क्रम फुकटापासून खर्चिकाकडे जातो. एका दाढीला एकच गोष्ट बदला. दोन बदललात तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही, आणि पुढच्या आठवड्यात तोच त्रास पुन्हा दारात उभा राहील.

दोष पात्याचा की हाताचा?

पट्ट्यावर फिरवून झालेला कोरडा वस्तरा घ्या. मनगटाच्या वरच्या केसांवरून, कातडीपासून ३ ते ५ मिलिमीटर वर, तो हळूच सरकवा. कातडीला स्पर्श नको. केसांची टोकं आवाज न करता तुटून पडली तर धार उत्तम आहे, पुढचे दोन-तीन विभाग तुमच्यासाठी. केस फक्त कातडीला टेकल्यावर कापले गेले तर पट्ट्याचा विभाग नीट वाचा. टेकूनही वाकून निसटले तर काम दगडापर्यंत गेलेलं आहे.

दुसरी तपासणी डोळ्यांची. खिडकीशी किंवा एका दिव्याखाली उभं राहा आणि धार स्वतःकडे करून, अगदी तिच्या रेषेत बघा. चांगली धार उजेड परतवत नाही. तिथे काही दिसतच नाही. जिथे पांढरा ठिपका चमकतो तिथे धार चेपली आहे किंवा तुकडा उडालाय. घड्याळजी आणि सोनार वापरतात ते दहा पट भिंग हाताशी असेल तर आणखी बरं. अंगठ्याचं बोट धारेवर फिरवून बघण्याची सवय मात्र सोडा. त्यात बोटही कापतं आणि बारीक धारही दुखावते.

तरीही शंका राहिली तर सलूनमध्ये वापरतात तो पातं बदलायचा वस्तरा आणा. दुधारी ब्लेड कागदी वेष्टनासकट मधोमध मोडून अर्धं आत घालायचं. नव्या ब्लेडच्या धारेबद्दल वाद नसतो. त्यानेही तसंच ओढलं तर दोष पात्याचा नाही, एवढं काही रुपयांत पक्कं होतं. हा वस्तरा वजनाला हलका असतो आणि चूक अजिबात पोटात घालत नाही, त्यामुळे फक्त गालांवरच तपासा.

फेस, पाणी आणि पंखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त बिघाड इथेच असतात. दाढीचा कोरडा केस राठ असतो. पाणी पिऊन तो फुगतो आणि मऊ पडतो, मग त्याला कापायला फार कमी जोर लागतो. हे व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. लोकल गाठायच्या घाईत तोंडावर पाण्याचे दोन हबके मारून फेस लावणाऱ्याचा केस आतून कोरडाच राहतो. आंघोळीनंतर लगेच दाढी करा, किंवा गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन मिनिटं गालांवर धरा. त्याआधी चेहरा साबणाने धुवा. कातडीवर तेलाचा थर असला की पाणी केसापर्यंत पोचत नाही आणि फेसही विरतो. दाढीआधी खोबरेल चोळायची सवय असेल तर महिनाभर बंद ठेवा.

ब्रश दोन मिनिटं भिजवा, पिळा, आणि साबणावर अर्धा मिनिट गोल फिरवा. मग चेहऱ्यावर किंवा वाटीत घोटताना पाणी अर्धा-अर्धा चमचा करत तीन-चार वेळा घाला. नवशिके पाणी घालायला घाबरतात. त्यामुळे फेस दिसायला भरगच्च, उंच, पांढराशुभ्र होतो, पण तो कोरडा असतो. हवा जास्त, ओल कमी. बरोबर झालेला फेस बसका असतो, घोटलेल्या दह्यासारखा, वर तकाकी आणि डोळ्यांना बुडबुडे न दिसणारा. चिमटीत धरून बोटं एकमेकांवर घासा. सुळकन सरकली पाहिजेत. कातडीला कातडी लागल्यासारखं वाटलं तर आणखी अर्धा चमचा पाणी.

एवढं करूनही फेस विरत असेल तर पाण्याकडे बघा. मुंबई महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, विहार, तुळशी अशा सात तलावांतून येतं. मूळचं पावसाचं, म्हणून मऊ. पण अनेक इमारतींत टाकीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणीही मिसळतं आणि ते जड असू शकतं. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला धरतात, फेसाऐवजी पांढरट साका बनतो. तपासायला एका बाटलीत अर्धं पाणी घ्या, दाढीच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि खळखळून हलवा. वर दाट फेस आणि खाली पाणी जवळजवळ स्वच्छ दिसलं तर पाणी ठीक. फेस थोडा आणि पाणी गढूळ, दुधाळ झालं तर पाणी जड. त्यावर उपाय साधा आहे: फेसापुरतं एक कपभर पाणी आरओ फिल्टरमधून घ्या. तोंड धुवायला नळाचंच चालेल.

पहिला गाल छान आणि दुसरा ओढतो, हे लक्षण असेल तर डोक्यावर बघा. पंखा चालू आहे? नवशिक्याला एका चेहऱ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पंख्याखाली फेस चार-पाच मिनिटांत सुकतो. सुकलेल्या फेसात वस्तरा सरकत नाही, केसाला अडकतो. पंखा बंद करा आणि सगळ्या चेहऱ्याला एकदम फेस न फासता ज्या भागावर काम चाललंय तेवढ्यालाच ताजा लावा. एवढ्या एका बदलावर ही तक्रार पुष्कळदा संपते.

कोन

पातं गालावर आडवं टेकवा. आता कोन शून्य. तिथून पात्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, उचला. साधारण ३० अंश हवेत. पाच-अष्टमांश इंचाचं, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंदीचं पातं असेल तर पाठ गालापासून ८ मिलिमीटर वर आली की ३० अंश होतात. लिहायच्या पेन्सिलीची जाडी जवळपास तेवढीच. पहिल्या काही दाढ्यांना आरशाशेजारी पेन्सिल ठेवून नजर बसवा.

पातं फार निजलं तर केसाला कापायऐवजी खरवडतं, केस ओढला जातो. फार उभं राहिलं तर धार कातडीत शिरायला बघते. तुरटीला झोंबणारी मान बहुधा याचीच खूण. डाव्या गालावरचा त्रासही इथूनच येतो. उजवा हात तोंडासमोरून पलीकडे नेला की मनगट वळतं आणि कोन आपल्या नकळत उभा होतो. डावा हात शिकवा, किंवा कोपर खांद्याइतकं वर उचलून मनगट सरळ ठेवा.

कानावरही विश्वास ठेवा. कोन बरोबर असेल तर ओल्या पॉलिश पेपरसारखा बारीक, सलग कुरकुर आवाज येतो. आवाज तुटक झाला की हात थांबवायचा.

ताण आणि जोर

ढिली कातडी धारेपुढे लाटेसारखी गोळा होते आणि त्या लाटेचा माथा कापला जातो. रिकाम्या हाताने, वस्तऱ्याच्या उलट दिशेला कातडी ताणा. बोटं फेसावरून घसरतात म्हणून त्यांना आधी ओली तुरटी चोळून कोरडी करा, पकड बसते. जबड्याखाली मान मागे टाकून कातडी वर, जबड्याच्या हाडावर ओढून घ्या.

जोर शून्य. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं. "थोडा दाबला की निघतोय" असं वाटलं, तर दाबू नका. ती दाढी तिथेच सोडा, उरलेली रोजच्या सेफ्टी रेझरने उरका. दाबून केलेली दाढी हे या विद्येतलं सगळ्यात वाईट वळण आहे आणि ते हातातून जायला महिने लागतात.

हात दोन-तीन सेंटिमीटरचाच मारा. वस्तरा धारेच्या रेषेत आडवा कधीही सरकवू नका, सुरीने टोमॅटो चिरतो तसा. खोल जखमा यानेच होतात. पहिल्या दहा दाढ्या फक्त गालांच्या. हनुवटी आणि ओठांचे कोपरे सगळ्यात शेवटी.

सुलट आणि उलट

एक दिवसाच्या खुंटावर बोट फिरवा. गुळगुळीत लागेल ती सुलट दिशा, खरखरीत लागेल ती उलट. गालांवर केस खाली जातात, पण मानेवर कित्येकांचे आडवे किंवा चक्क वरच्या बाजूला वाढतात. मान सरसकट वरून खाली करणारा माणूस तिथे उलटा हात मारत असतो आणि त्याला पत्ताही नसतो. पुटकुळ्या मानेवरच का उठतात याचं उत्तर पुष्कळदा एवढंच. पहिला महिनाभर फक्त सुलट हात. थोडे खुंट राहिले तर राहू द्या.

चामडी पट्टा

इथे बिघाड असला तर तो स्वतःहून सुधारत नाही, दर वापराला वाढत जातो. पट्टा धार लावत नाही, आधीच्या दाढीत वाकलेली धारेची बारीक कड सरळ करतो. म्हणून पट्ट्यानंतर वस्तरा सुधारलाच पाहिजे. पट्ट्यानंतर बिघडत असेल तर हात चुकतोय, यात दुसरी शक्यता जवळजवळ नाही.

चूक तीन ठिकाणी होते. पहिली, पट्टा ढिला. झोळ पडलेल्या पट्ट्यावर चामडं धारेभोवती वळतं आणि ती गोल करून टाकतं. कडी भिंतीच्या किंवा दाराच्या पक्क्या खिळ्याला अडकवा, दुसरं टोक ताठ ओढून धरा. दुसरी चूक, पाठ उचलली जाणं. पाठ आणि धार दोन्ही चामड्याला सतत टेकलेल्या हव्यात. पाठ पुढे, धार मागून. तिसरी चूक पलटताना होते. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवर लोळवायचा, पाठ चामड्यावरून न उचलता. धारेवरून पलटला की एका क्षणात पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. आधी लोणी लावायच्या बोथट सुरीने दोन-तीन दिवस हात बसवा. वेग दाखवायची गरज नाही.

आकडे: कापडी बाजूवर २० ते ३० फेऱ्या, चामड्यावर ५० ते ६०, जाऊन-येऊन एक फेरी. सुरू करण्याआधी चामड्यावर कोरडा तळहात जोराने आठ-दहा वेळा फिरवा. त्याने चामडं उबदार होतं आणि धूळ निघते. शेजारी इमारतीचं बांधकाम चालू असेल तर ही धूळ किरकोळ समजू नका. सिमेंट-वाळूचा एक कण साठ फेऱ्यांत धारेचं वाटोळं करतो. पट्टा कापडी पिशवीत टांगून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको.

जुलैच्या दमट हवेत चामडं ओल धरतं आणि हाताला चिकट लागतं. असा पट्टा पंख्याखाली रात्रभर टांगा. बुरशीचे पांढरे डाग कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा वाळवा. तेल, व्हॅसलीन, बुटाचं पॉलिश यातलं काही लावू नका.

कडेला काप पडला असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ती कड सपाट करा, पट्टा चालेल. काप मध्यभागी असेल तर पट्टा बदलायचा. धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडलगत चामड्याच्या दुकानांत पट्टी कापून मागता येते: ५ ते ७ सेंटिमीटर रुंद, ४५ ते ५० लांब, अडीच-तीन मिलिमीटर जाड, एक बाजू गुळगुळीत, वर रंगाचा किंवा ठशाचा थर नको.

मूठ, गंज, खारी हवा

बंद वस्तरा उजेडासमोर धरून मुठीच्या दोन फळ्यांमधून बघा. धार बरोबर मध्ये बसली पाहिजे. एका फळीला टेकत असेल तर प्रत्येक वेळी बंद करताना तिचा कण उडतो आणि तुम्ही आठवडाभर फेसाला दोष देत बसता. ढिला किंवा वाकडा झालेला रिव्हेट, म्हणजे मूठ जोडणारी खीळ, घरी हातोडीने ठोकू नका, फळी तडकते.

मुंबईत कार्बन स्टीलचं पातं ओलं ठेवलं तर एका रात्रीत डाग धरतं. दाढी झाल्यावर पातं धुवा, पाठीकडून धारेकडे टिपकागदाने टिपा, मुठीच्या आतलं पाणीही काढा, कोरड्या कापडी पट्ट्यावर दहा फेऱ्या मारा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने दोन्ही बाजूंना पसरा. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका, कपाटात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा. स्टेनलेसलाही हे लागू आहे, धार तितकीच बारीक असते.

वरवरचा लाल गंज धातूच्या पॉलिशने निघतो. धारेला टेकलेले काळे ठिपके म्हणजे खड्डे. ते पुसून जात नाहीत, दगडावर तेवढं पोलाद घालवावं लागतं.

हिरवी पेस्ट

मनगटाचे केस कातडीलगतच कापले जात असतील आणि पट्ट्याचा हात चुकत नसेल, तर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट उपयोगी पडते. ती वेगळ्या कापडी पट्टीवर अगदी पुसट लावा, रोजच्या चामड्यावर कधीच नको. दहा ते पंधरा फेऱ्या, नंतर साध्या चामड्यावर पन्नास. चार-सहा आठवड्यांतून एकदा पुरे. वरचेवर केलं तर धार गोलसर होते.

इथे थांबा

पेस्टनेही सुधारणा नाही, भिंगाखाली कण उडालेले दिसतात, किंवा नवाकोरा वस्तरा पहिल्या दिवसापासून कापतच नाही, तर घरचे उपाय संपले. ऑनलाइन मिळणारे पुष्कळ नवे वस्तरे दाढीच्या धारेचे नसतातच. काहींचं पोलादच मऊ असतं आणि पातं वाकडं असतं. पातं सपाट काचेवर न सरकवता अलगद ठेवा. डुलत असेल तर विकणाऱ्याला परत करा. त्यावर पैसे घालू नका.

दगडाचं काम १००० नंबरपासून १२००० पर्यंत टप्प्याटप्प्याने होतं आणि दगड स्वतः सपाट असावा लागतो. पहिल्या सहा महिन्यांत स्वतः करू नका. चांगली धार कशी लागते हे गालाला ठाऊक नसताना दगडावर कुठे थांबायचं ते कळत नाही. जुन्या सलूनमधला, अख्खा वस्तरा (पातं बदलायचा नव्हे) वापरलेला वयस्कर कारागीर किंवा वस्तऱ्याचंच काम करणारा धारवाला गाठा आणि देण्याआधी दोन गोष्टी विचारा: काम हातानेच दगडावर करता का, आणि पाठ दगडाला टेकलेली ठेवता का. दोन्हीला हो आलं तरच वस्तरा हातात द्या.

गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला सुऱ्या-कात्र्या खुशाल द्या. वस्तरा देऊ नका. वस्तऱ्याचं पातं आत खोलगट आणि धारेशी कागदासारखं पातळ असतं. फिरत्या चाकावर ते क्षणात तापतं, पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं, आणि मग कितीही मोठा कारागीर आणलात तरी त्या जागी धार टिकत नाही.

चोरबाजारातून जर्मनीतल्या झोलिंगेन किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डचा शिक्का असलेला जुना वस्तरा घेतला असेल तर तो थेट गालाला लावू नका. साबणाने घासून धुवा, नंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. उकळू नका, ब्लीच नको. मूठ वाकते, पातं गंजतं. मग तो दगडावर जाईलच. आपला वस्तरा दुसऱ्याला देऊ नका आणि दुसऱ्याचा घेऊ नका, घरातल्याचासुद्धा. हिपॅटायटिस बी आणि सी रक्ताच्या न दिसणाऱ्या अंशातूनही पसरतात.

डॉक्टरकडे कधी

लहान काप थंड पाण्याने धुवून, स्वच्छ कापसाने पाच मिनिटं न उचलता दाबा, मग तुरटी. पंधरा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा जखमेच्या कडा उघड्या राहत असतील तर टाके लागू शकतात, लगेच जा. गंजलेल्या पात्याने कापलं असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर तेही विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा जखमेच्या जागी वण फुगून वाढत असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वस्तरा हातात घेऊ नका.

पुटकुळ्यांत पू झाला, लाली पसरू लागली, ताप आला, किंवा दाढीत कडा उठलेला खाजरा गोल चट्टा दिसला, तर दाढी बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तो चट्टा नायटा असू शकतो आणि मुंबईच्या दमट हवेत तो झपाट्याने वाढतो. औषधाच्या दुकानातून मनाने आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने तो आधी दबतो, मग दुप्पट पसरतो. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचेचा बाह्यरुग्ण विभाग आहे. तोवर तो वस्तरा, ब्रश आणि पंचा बाजूला ठेवा. वस्तरा वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करा, पंचा उकळा आणि ब्रश नवा घ्या.